अल्फा रोमिओ रोज ऑफिसला न्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक लंडनच्या हॅरो भागात राहतात. घरात पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. ऑफिस मेडनहेडला, जाऊन-येऊन 44 मैल, आठवड्यातून तीन दिवस. 2016 ची टोयोटा ऑरिस हायब्रिड 9,000 पौंडांना विकायची, आयसा या करमुक्त बचत खात्यातल्या 31,000 पैकी 14,000 काढायचे, 19,000 चं वैयक्तिक कर्ज घ्यायचं आणि 42,000 पौंडांना 1972 ची अल्फा रोमिओ 2000 जीटीव्ही घेऊन तीच रोज चालवायची, असा बेत आहे. कारणं चार दिली आहेत: रोड टॅक्स नाही, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) नाही, यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लंडनमध्ये पडणारा रोजचा आकार) लागत नाही आणि गाडीची किंमत वाढते. घरखर्च महिना 3,400 पौंड. घराच्या कर्जाचा निश्चित व्याजदर पुढच्या वर्षी संपतोय.

गाडीची निवड उत्तम आहे. इटलीतल्या बेर्तोनेच्या स्टुडिओत डिझायनर जुजारोंनी रेखाटलेली बॉडी, 1962 सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं ट्विन-कॅम इंजिन, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. पन्नास वर्षांपूर्वीची असूनही मोटरवेवर आजच्या वाहतुकीबरोबर चालू शकेल अशा मोजक्या गाड्यांपैकी ही एक. त्यामुळे हौसेबद्दल मला काही म्हणायचं नाही. हिशेबाबद्दल मात्र बरंच म्हणायचं आहे.

आधी सवलती पाहू. चाळीस वर्षांवरच्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ वर्ग मिळतो, त्यात रोड टॅक्स शून्य, हे खरं. पण तुमच्या ऑरिसचा टॅक्स आज वर्षाला 20 पौंड आहे. एमओटीची कमाल फी 54 पौंड 85 पेन्स. आणि यूलेझमध्ये ऑरिस आधीच बसते, ती पेट्रोल हायब्रिड आहे, तिला रोजचे साडेबारा पौंड कधीच पडत नाहीत. म्हणजे चारपैकी तीन कारणांची मिळून वर्षाची किंमत झाली जेमतेम 75 पौंड. त्यातही एमओटी सक्तीची नसली तरी मी दरवर्षी करून घ्या असंच सांगेन. गाडी धोकादायक अवस्थेत रस्त्यावर आणली तर 2,500 पौंडांपर्यंत दंड होतो, आणि एमओटीची सूट तिथे कामी येत नाही.

आता विमा. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये 280 पौंडांचा आकडा आहे आणि तुमचा सगळा बेत त्यावर उभा आहे. त्याचं दुसरं पान पुन्हा वाचा. वर्षाला 3,000 मैलांची मर्यादा आहे. वापर ‘सामाजिक, घरगुती आणि हौस’ एवढाच, ऑफिसला जाणं-येणं त्यात नाही. आणि ‘रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे का’ या प्रश्नापुढे ‘हो’ आहे. ऑरिस विकली की ते उत्तर खोटं ठरतं. उद्या एम4 मोटरवेवर मागून कुणी ठोकलं तर कंपनी दावा नाकारू शकते, निदान कापू तरी शकते. क्लासिक विम्याचा खरा फायदा म्हणजे आधी ठरवून दिलेली किंमत. गाडी गेली तर ठरलेले 42,000 मिळतात. साध्या पॉलिसीत ‘बाजारभाव’ मिळतो, आणि तो कंपनी ठरवते. शिवाय बहुतेक क्लासिक पॉलिसींमध्ये नो-क्लेम बोनस साठत नाही, आणि वापरात नसलेला जुना बोनस साधारण दोन वर्षांनी बाद होतो. इतक्या वर्षांत कमावलेली ती सवलत सहज हातची जाईल.

रोजच्या खर्चाचा हिशेब असा. ऑफिसचे वर्षाला सुमारे 6,000 मैल, शनिवार-रविवार धरून 8,000. ही गाडी गॅलनला 24 मैल देईल असं धरू. म्हणजे जवळजवळ 1,515 लिटर पेट्रोल. साधं पेट्रोल सप्टेंबर 2021 पासून ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे, ते या गाडीच्या जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्ब्युरेटरच्या सीलना मानवत नाही, म्हणून कमी इथेनॉलचं महागडं ई5 सुपरच भरावं लागेल. लिटरला दीड पौंड धरला तर 2,270 पौंड. ऑरिसला याच अंतरासाठी 910 च्या आसपास लागतात. देखभालीला माझी तरतूद वर्षाला 3,000 पौंडांची, कारण 3,000 मैलांना एकदा ऑइल म्हणजे वर्षातून तीनदा, तेही सहा-साडेसहा लिटर, 20डब्ल्यू50 या जाड प्रकारचं. रोजच्या वापराचा विमा 600 धरू. कर्ज पाच वर्षांना 8 टक्क्यांनी मिळालं तर हप्ता 385 पौंड, एकूण व्याज 4,100, वर्षाला साधारण 820. बेरीज 6,690. ऑरिसचं पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा, टॅक्स आणि एमओटी मिळून 1,935. वर्षाला फरक सुमारे 4,750 पौंड, महिना जवळपास 400. आणि 385 चा हप्ता धरला तर दरमहा सुमारे 720 पौंड जास्त लागतील, कारण व्याज त्या 400 मध्ये आधीच मोजलं आहे.

किंमत वाढते म्हणता. कुणाची वाढते? गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या, कोरड्या दिवशीच बाहेर काढलेल्या गाडीची. तुमची गाडी नोव्हेंबर ते मार्च मीठ टाकलेल्या रस्त्यावरून जाणार. या गाडीचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड नाही. दाराखालची सिल ही पत्र्याच्या थरांची बंद पेटी आहे, तिच्यात खारं पाणी शिरलं की गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतला थर संपलेला असतो. दोन्ही बाजूंच्या सिल आणि खालची जमीन नव्याने बसवायची तर काम तासांत नाही, आठवड्यांत मोजलं जातं. किंमत वर्षाला 3 टक्क्यांनी वाढली असं उदारपणे धरलं तरी 1,260 पौंड होतात. वरचा 4,750 चा फरक त्याने भरून निघत नाही, आणि त्यात पत्र्याचं काम अजून धरलेलंच नाही. एक गोष्ट खरी तुमच्या बाजूची: खासगी मोटारीच्या विक्रीतल्या नफ्यावर ब्रिटनमध्ये कॅपिटल गेन्स टॅक्स नाही. पण म्हणूनच तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही होत नाही.

इंजिनाबद्दल मी तितका काळजीत नाही. उलट 22 मैलांचा सलग प्रवास त्याला चांगलाच. ऑइल गरम होतं, त्यातली वाफ आणि पेट्रोल उडून जातं. ऑइल गरम होईपर्यंत 3,000 आरपीएमच्या वर न्यायचं नाही, एवढं पथ्य पाळा. नासवतात ते शाळेचे दीड-दीड मैलांचे फेरे. तिथेच मुलीचाही प्रश्न येतो. 1972 च्या गाडीला मागे पट्टे असणं सक्तीचं नव्हतं, आणि पाठीसकटच्या बूस्टर सीटला तीन ठिकाणी बांधलेला पट्टा लागतो. मागची जागाही लहान. एअरबॅग नाही, एबीएस नाही. नोव्हेंबरच्या पावसात मुलीला शाळेत सोडायला ही गाडी मी सुचवणार नाही.

आयसातून पैसे काढताना ती ‘फ्लेक्सिबल’ आहे का ते विचारा. नसेल तर काढलेले 14,000 परत भरताना त्या वर्षाची 20,000 ची मर्यादा खाल्ली जाते. उरलेले 17,000 म्हणजे पाच महिन्यांचा घरखर्च. पहिल्याच हिवाळ्यात हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) आणि गिअरबॉक्सचा खर्च एकदम आला तर साडेतीन महिन्यांचाच उरेल. आणि घराचं कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायचं ठरवलं तर 385 चा हप्ता तुमच्या परवडण्याच्या हिशेबात धरला जाणार. निश्चित दर संपायच्या तोंडावर नवं कर्ज घेणं ही या बेतातली मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट आहे.

म्हणून माझं मत: कर्ज काढून नको, आणि ऑरिसच्या जागी तर नकोच. ऑरिस ठेवा. हप्ता आणि जादा खर्च मिळून जे महिना 720 पौंड लागणार होते, ते आजपासून बाजूला टाका. 46 महिन्यांत व्याज न धरता 33,120 होतात, त्यात आयसातले 14,000 मिळवले की 47,120. म्हणजे गाडीचे 42,000 रोख आणि दुरुस्तीसाठी जवळपास 5,000 शिल्लक. पहिल्या सहा महिन्यांतच हे 720 जड जायला लागले, तर गाडी घेतल्यावरही ते जडच जातील हे कळेल, तेही गाडी न घेता. घेतल्यावर एप्रिल ते ऑक्टोबर कोरड्या दिवशी ऑफिसला न्या, वर्षाला 3,000 मैलांच्या आत. फक्त ऑफिसचा वापर पॉलिसीत लेखी घालून घ्या.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असायलाच हवं, हे विक्रेत्याला आधी सांगून ठेवा. थंड असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून बघा. करकर आवाज आला तर सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणारा भाग) गेला आहे, आणि त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय दिसली तर हेड गॅस्केटजवळच्या ऑइलमार्गांच्या रबरी रिंगा गेलेल्या असण्याची शक्यता मोठी. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबरी माउंट हाताने दाबून भेगा पाहा. तिथून हवा शिरली की पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. मग गालिचा उचला, स्टेपनीची खोबण पाहा, सिलवर चुंबक फिरवा. शेवटी जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून-लावून बघा. दाराची फट बदलली किंवा दार अडकलं, तर सिलमध्ये ताकद उरलेली नाही. मग किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नका.