अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष एकाच दिवशी वारले, हे खरे आहे का?

होय, जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन या दोघाही माजी राष्ट्राध्यक्षांचे निधन ४ जुलै १८२६ रोजी, म्हणजे ज्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी ते दोघे झटले त्याच्या नेमक्या पन्नासाव्या वर्धापनदिनी झाले. जेफरसन (वय ८३) दुपारी व्हर्जिनियात वारले आणि ॲडम्स (वय ९०) त्याच संध्याकाळी मॅसॅच्युसेट्समध्ये. तारयंत्र नसलेल्या त्या काळात जेफरसन यांच्या निधनाची बातमी ॲडम्स यांच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते, आणि या योगायोगातले हेच मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. त्या वेळी ॲडम्स यांचे पुत्र जॉन क्विन्सी हेच राष्ट्राध्यक्ष होते व त्यांच्या रोजनिशीत याची नोंद आहे. मात्र या जोडीत अनेकदा गोवले जाणारे आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो १८३१ मध्ये वारले. तारीख तीच, वर्ष वेगळे.