टाइम ट्रॅव्हलच्या बालकादंबरीत नायिका 1940 च्या लंडनमध्ये पोहोचते आणि तिथे तिला मैत्रीण भेटते. पण तेव्हा तर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने सगळी मुलं खेडोपाडी पाठवली होती ना?

नाही, सगळी नव्हती. त्यामुळे ही भेट अगदी शक्य आहे. 1 सप्टेंबर 1939 पासून पहिल्या तीनच दिवसांत साधारण 15 लाख लोक शहरांबाहेर हलवले गेले. त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं होती: कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला दोरीने अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात गॅस मास्क. पण मुलं पाठवायची सक्ती नव्हती. शिवाय सुरुवातीचे काही महिने बॉम्ब पडलेच नाहीत, म्हणून जानेवारी 1940 पर्यंत बरीच मुलं घरी परतलीही. फक्त महिना बघा. 7 सप्टेंबर 1940 ला लंडनवर सलग बॉम्बहल्ले सुरू झाले आणि मुलं पुन्हा बाहेर जाऊ लागली. त्यानंतर रस्त्यावर निवांत खेळणारी मुलं दाखवली असतील, तर मात्र ते जरा खटकतं.