स्वयंजुळवणी की स्वयंजुळणी?

प्रश्न असा आहे: प्रयोगशाळेत घडवलेल्या ऊतींवरच्या लेखात 'सेल अ‍ॅड्हीजन'साठी 'पेशींचे चिकटणे' आणि 'सेल्फ-असेंब्ली'साठी 'स्वयंजुळवणी' लिहिलं तर चालेल का?

'जुळवणी' आधी बदला, 'जुळणी' करा. मनं जुळतात, लग्न जुळवावं लागतं. त्या एका 'व'मुळे वाक्यात जुळवणारा तिसरा माणूस येऊन बसतो. 'अक्षरजुळणी'तही जुळारी असतोच, हे खरं. पण 'जुळणे' हे क्रियापद त्याच्यावाचून उभं राहतं, 'जुळवणे' राहत नाही. आणि इथे सगळा मुद्दा जुळवणारा नसण्याचाच आहे. भ्रूणातल्या वेगवेगळ्या पेशी सुट्या करून एकत्र कालवल्या, तरी त्या आपापल्या वेगळ्या होतात. एकमेकींना जास्त घट्ट धरणाऱ्या आत जातात, सैल धरणाऱ्या त्यांच्याभोवती पसरतात. जीवशास्त्रज्ञ माल्कम स्टाइनबर्ग यांनी 1963 मध्ये याची तुलना तेल-पाणी वेगळं होण्याशी केली. पुढे 2005 मध्ये फोटी आणि स्टाइनबर्ग यांनी एकाच प्रकारच्या पेशींत एकच कॅडहेरिन (पेशींना एकमेकींना धरायला लावणारं प्रथिन) कमी-जास्त प्रमाणात घालून पाहिलं: जास्तवाल्या आत, कमीवाल्या बाहेर. 2018 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तर उंदराच्या पेशींना 'शेजारीण भेटली की कॅडहेरिन बनव' असं शिकवून त्यांचे थरावर थर रचून घेतले. थर लावायला कुणाचा हात लागला नाही.

आता 'चिकटणे'. चूक नाही, पण पाकिटाला तिकीट चिकटतं तेव्हा मध्ये डिंक असतो. पेशींत असा वेगळा डिंक नाही. कॅडहेरिन हे पेशीच्या आवरणातून बाहेर आलेलं तिचंच प्रथिन, शेजारणीच्या तशाच प्रथिनाला धरणारं. त्याला कॅल्शियम लागतं. ते काढून घेतलं की पकड सुटते. म्हणून मी 'धरणे' घेईन. 'बिलगणे' मला फार आवडतं, पण त्यात माया येते आणि शास्त्रीय लेखात ती आडवी येईल.

'अ‍ॅड्हीजन'साठी संज्ञा हवी तिथे 'आसंजन' बिनदिक्कत वापरा. तो 'सञ्ज्' धातू आपल्या रोजच्या 'संग' आणि 'आसक्ती'तलाच, त्यामुळे शब्द वाटतो तितका परका नाही. पेशी स्वतःभोवतालच्या, पेशींबाहेरच्या तंतूंच्या जाळीला धरते ते काम मुख्यतः इंटेग्रिन या दुसऱ्या प्रथिनाचं. त्यालाही आसंजनच म्हणतात, म्हणून 'पेशी-पेशी' की 'पेशी-जाळी' हे दर वेळी लिहा.

दोन्ही शब्द आणायचे तर लेखातलं वाक्य मी असं करेन: 'पेशी एकमेकींना किती घट्ट धरतात, यावर त्यांची स्वयंजुळणी ठरते.'