गेट पावसाळ्यात घासतं आणि उन्हाळ्यात नीट लागतं, तर नवं गेट करावं का?

तुम्ही विचारलंय की परभणीच्या बाहेर एनए प्लॉटवर घर आहे, लोखंडी गेट पावसाळा लागला की खाली घासतं, कडी कोयंड्यात बसत नाही, आणि उन्हाळ्यात आपोआप पुन्हा लागायला लागतं. वेल्डर म्हणतो नवं करा. तर नवं करावं का, स्लायडिंग करावं का, आणि खर्च किती येईल.

नवं करू नका. जे गेट उन्हाळ्यात आपोआप लागतं ते बिघडलेलंच नाही. लोखंड ऋतू बघून वाकत नाही आणि वाकलेलं लोखंड आपणहून सरळ होत नाही. हलतोय तो खांब. मी परभणीतच फॅब्रिकेशनचं दुकान चालवते, नवं गेट झालं तर पैसे माझ्यासारखीलाच मिळतात, तरी सांगते.

दर पावसाळ्यात मला फोन येतात, "ताई, गेट घासायलंय, कडी लागंना." गेट कुणी केलं त्याचं नाव लगेच निघतं. खांब कुणी बांधला, पाया किती खोल घेतला, हे कुणी विचारत नाही. या एका गोष्टीवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं जेवताना वाद झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

दुकान माझ्या वडिलांनी सुरू केलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मी शाळेत होते तेव्हा त्यांनी गावाबाहेरच्या एका बंगल्याचं गेट केलं. ती जागा आदल्या वर्षीपर्यंत कापसाचं रान होती. मालकांना गाडीसाठी दहा फुटांचा एकच पल्ला हवा होता, दोन पल्ले नको, मधे फट दिसते म्हणून. अण्णा म्हणाले, मग खांब आरसीसीचा, म्हणजे सळई-काँक्रीटचा करा, मुरूम लागेपर्यंत खणा. गवंडी तिथंच उभा होता. तो म्हणाला, "अण्णा, गेट तुमचं, खांब आमचा. तुम्ही गेटाचं बघा." खांब विटांचा झाला, मधे एक सळई उभी केली, पाया दोन फूट आणि तोही काळ्या मातीतच. वरून प्लास्टर केलं, गोल टोपी बसवली, दिसायला एकदम दणकट.

पहिल्या पावसाळ्यात टोक खाली आलं. मालकांनी राहिलेली बाकी दिली नाही. त्यांच्या नात्यातल्या एका इंजिनिअरनं येऊन सांगितलं की वेल्डिंग कच्चं आहे, फ्रेम बसली. अण्णांनी वाद घातला नाही. बिजागरी कापून पल्ला टेम्पोत घालून दुकानात आणला, सपाट फरशीवर आडवा टाकला आणि कर्ण मोजले. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्यापर्यंत दोरी ताणली, गाठ मारली, मग तीच दोरी दुसऱ्या कर्णावर धरली. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली. चौकोन तिरका झालेला असेल तर एक कर्ण लांब होतो आणि दुसरा आखूड, हे आठवीच्या भूमितीतलं आहे. अण्णांनी मालकांना निरोप धाडला, या आणि स्वतः मोजून बघा. ते आले नाहीत. गेट पुन्हा बसवून दिलं, त्याचे पैसेही मिळाले नाहीत, आणि मार्च-एप्रिलात ते गेट बिनतक्रार लागायला लागलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मग मालकांनी दुसऱ्याकडून नवं गेट करून घेतलं. तेही घासलं.

आमच्याकडं गोदाकाठची जमीन खोल काळी आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात, त्यांत हात जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन फुटांवर पाया म्हणजे त्या भेगांच्या मधेच पाया. सगळी माती एकसारखी फुगली असती तर दोन्ही खांब सारखे उचलले गेले असते आणि कुणाला कळलंही नसतं. पण तसं होत नाही. एका खांबापाशी टाकीचा ओव्हरफ्लो पडतो, गाडी धुतलेलं पाणी मुरतं, बाहेरच्या बाजूला नाली पाझरते. दुसरा खांब कोरडा, किंवा त्याच्या शेजारी लावलेलं झाड ओल ओढून घेतं. मग एक खांब उचलतो, एक कलतो. सहा फुटांच्या खांबाचा माथा फक्त एक इंच कलला तरी दहा फुटांच्या पल्ल्याचं टोक दीड इंचापेक्षा जास्त खाली येतं. गेट आणि जमीन यांत आपण अंतर ठेवतो दोन इंच. मधे थोडा खडा-माती आली की घासलंच.

वर मालकांचा एक पल्ल्याचा हट्ट. त्याचा हिशोब कागदावर मांडून बघा. दहा फुटी पल्ला शंभर किलोचा, बिजागऱ्यांमधलं अंतर चार फूट, तर वरची बिजागरी खांबाला सव्वाशे किलोनं सतत ओढत असते, रात्रंदिवस. तेच गेट पाच-पाच फुटांच्या दोन पल्ल्यांत केलं तर एका खांबावर ओढ राहते एकतीस-बत्तीस किलो. म्हणजे चौथा हिस्सा. यासाठी डिग्री लागत नाही. अण्णांना हे आकडे न मांडताही ठाऊक होतं आणि ज्यांच्याकडं डिग्री होती त्यांनी वेल्डिंग कच्चं म्हणून सांगितलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच घरातून दुकानात फोन आला. मालकांचा मुलगा बोलत होता, दुकान आता कोण चालवतं हे त्याला माहीत नव्हतं. गेट घासतंय, नवं करायचंय. मी गेले. खांबाच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. वर दोरी खांबाला चिकटून, खाली लंबक खांबापासून दोन बोटं लांब लोंबत होता. मी त्याला म्हणलं, आधी खांब, मग गेट, नाहीतर दुसरा माणूस बघा. पोरगा समजूतदार निघाला. जुना खांब पाडला तेव्हा खाली विटांचे तुकडे आणि काळी माती, बस. खणत गेलो तर सात फुटांच्या पुढं मुरूम लागला. तिथं फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद तळ घेऊन दोन आरसीसी कॉलम उभे केले आणि दोन्ही खालून एका बीमनं बांधले, म्हणजे हलले तरी दोघं बरोबर हलतील. टाकीचा ओव्हरफ्लो पाइपानं मागच्या बाजूला नेला. खड्ड्यात उपसलेली काळी माती परत टाकू दिली नाही. मुरूम टाकला, थरावर थर, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस केली. मुंबई आयआयटीच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत बसवली, तिचं तत्त्व हेच आहे. मुरूम मात्र थोडा चिकटपणा असलेला घ्या. नुसती खडी-वाळू भरली तर पाणी सरळ खाली उतरून तळाशी साठतं.

आणि गेट? अण्णांचं जुनं गेट त्या घराच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. रंग गेलेला, खालच्या पट्टीला गंज, बाकी शाबूत. मी पोरांना ते फरशीवर टाकायला लावलं आणि दोरी ताणली. कर्ण सारखे. मालकांच्या मुलानं स्वतः दोरी धरून बघितली. खालची पट्टी बदलली, मधून कापून दोन पल्ले केले, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर ऑइल पेंट, आणि तेच गेट नव्या कॉलमवर चढवलं. त्यानंतर पावसाळे होऊन गेले, कडी हातानं अलगद लागते. मुलानं जुनी बाकी काढून दिली. अण्णांनी ती घेतली. हक्काचे पैसे होते, का सोडायचे?

आता तुमचं. आधी ओळंबा सोडून दोन्ही खांब बघा, मग पल्ल्याचे कर्ण मोजा. खांब कललेला आणि कर्ण सारखे असतील तर वेल्डरला घरी पाठवा आणि चांगला गवंडी शोधा. यंदा पैसा नसेल तर एवढं करा: खांबाजवळ पडणारं सगळं पाणी दुसरीकडं वळवा, कोयंड्याचं भोक वर-खाली लांबट करून घ्या, आणि बिजागरी नट-बोल्टवर खालीवर होणारी बसवा. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, पण दोन-चार पावसाळे निघतात. घासतंय म्हणून पल्ला खालून कापू नका. उन्हाळ्यात खालून कुत्री-डुकरं आत येतील.

मुरूम फार खोल असेल, दहा फूट खणूनही लागत नसेल, तर फुटिंगच्या नादी लागू नका. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी अंडर-रीम पाइल काढलाय, म्हणजे जमिनीत खोल जाणारा, तळाशी फुगीर काँक्रीटचा खांब. हातानं फिरवायच्या गिरमिटानं खोल भोक पाडायचं आणि तळाशी ते कांद्यासारखं फुगवायचं. वरची माती उचलायला लागली तरी तो फुगवटा पाइलला खाली धरून ठेवतो. खोल काळ्यात पाइल किमान साडेतीन मीटर जायला हवा. नुसत्या गेटासाठी हे महाग वाटेल, पण घर त्याच प्लॉटवर आहे, घराच्या भिंतींना तिरप्या भेगा असतील तर गेटाआधी तिकडं बघा.

कंपाउंडच्या भिंतीलाही पायरीपायरीनं चिरा गेल्या असतील तर तीच भानगड. पूर्ण विटांची लांब भिंत काळ्यात बांधणं मला पटत नाही. खाचेच्या सिमेंट खांबांत पट्ट्या सरकवलेलं रेडिमेड कंपाउंड थोडं हललं तर हलतं, फुटत नाही. चेनलिंक जाळी त्याहून स्वस्त, फक्त कोपऱ्यातल्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू हवेत, नाहीतर ताणलेली जाळी त्यांना आत ओढते.

स्लायडिंगचं म्हणाल तर काळ्यात मी सहसा नको म्हणते. रूळ जमिनीवर असतो, जमीनच फुगते. रुळाखाली सळईचा बीम असेल, तो दोन्ही खांबांना बांधलेला असेल आणि रुळातला चिखल रोज काढायला माणूस असेल तर करा. गेट मागं सरकवायला तेवढीच मोकळी भिंतही लागते, तीस फुटी प्लॉटला ती नसते.

खर्च किलोवर असतो आणि लोखंडाचा भाव हलतो, म्हणून वजन काढायला शिका. बारा बाय पाच फुटांच्या गेटाला एका बाजूनं सोळा गेजचा पत्रा लावला तर नुसता पत्राच सत्तर किलोच्या आसपास जातो, अठरा गेजचा बावन्न-त्रेपन्न, कारण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. पाइप वेगळा. कुणी सोळा गेज सांगून अठरा लावला तर काट्यावर लगेच कळतं, म्हणून गेट वजन करूनच घ्या.

एक राहिलं. हे सगळं खोल काळ्या मातीचं आहे. अंबाजोगाईकडं बालाघाटावर बऱ्याच ठिकाणी हातभर खणलं की मुरूम लागतो, तिथं गेटाचं टोक खाली आलं तर दोष खरंच गेटाचा असू शकतो. तुमच्याकडंही कर्ण कमी-जास्त निघाले तर वेल्डरच चुकलाय. तिरपा पाइप बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात गेलेला असायला हवा, तो नसेल तर टाकायला लावा, त्याच्याच पैशानं. पण कर्ण सारखे निघाले आणि तुम्ही त्याची काही बाकी अडकवून ठेवली असेल, तर त्याच दिवशी देऊन टाका.