पूर्ण पाथ आणि दोन संगणक

प्रश्न : ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदींतून दरमहा अहवाल काढणारी पायथनची स्क्रिप्ट मी कार्यालयातील विंडोजवर लिहिली. अहवाल डी ड्राइव्हवरच्या ठरावीक फोल्डरमध्ये जावा, म्हणून त्याचा पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासूनचा अख्खा पत्ता, स्क्रिप्टमध्येच घातला आहे. तीच स्क्रिप्ट घरी उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालवली, तेव्हा ती विनातक्रार पूर्ण झाली; अहवाल मात्र स्क्रिप्टशेजारीच, अख्खा पाथ हेच नाव घेऊन तयार झालेला दिसला. असे का व्हावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : स्क्रिप्टने तक्रार न करणे हेच यातील खरे दुखणे आहे. विंडोजमध्ये पूर्ण पाथ ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होतो आणि त्यातील फोल्डर बॅकस्लॅशने वेगळे होतात. लिनक्समध्ये ड्राइव्हची अक्षरे नसतात, पूर्ण पाथ फॉरवर्ड स्लॅशनेच सुरू व्हावा लागतो, आणि बॅकस्लॅश किंवा कोलन ही तेथे फाइलच्या नावात चालणारी साधी चिन्हे आहेत. म्हणून उबुंटूने तुमचा पाथ हे एक लांबलचक नाव मानले आणि त्या नावाची फाइल चालू फोल्डरमध्ये करून दिली. बॅकस्लॅशच्या जागी फॉरवर्ड स्लॅश घातला, तर विंडोजला तो चालेल आणि उबुंटूवर असा फोल्डर नाही ही चूक निदान दिसेल, पण प्रश्न सुटणार नाही.

पूर्ण पाथ लिहून ठेवू नये, तो स्क्रिप्ट चालताना तयार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पायथनच्या ३.४ आवृत्तीपासून असलेले पाथलिब हे पाथ हाताळणारे मोड्यूल त्यासाठीच आहे : स्क्रिप्टची स्वतःची जागा किंवा वापरकर्त्याचा होम फोल्डर त्याच्याकडून विचारून घ्यावा आणि पुढील फोल्डरांची नावे त्याला जोडावीत, म्हणजे योग्य स्लॅश ते स्वतः घालते. जोडायचा भाग मात्र स्वतःच पूर्ण पाथ असता कामा नये, कारण तसे झाल्यास आधीचा भाग मुकाट्याने गळून पडतो. नुसता सापेक्ष पाथ देण्याचा सल्लाही पुष्कळदा मिळतो. पण तो स्क्रिप्ट जेथून चालवली त्या फोल्डरपासून मोजला जातो, आणि क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीने) चालवलेल्या स्क्रिप्टसाठी तो फोल्डर सहसा होम असतो. अहवालाची जागा दोन्ही संगणकांवर खरोखरच वेगळी असेल, तर ती आज्ञेसोबत बाहेरून द्यावी. फोल्डरांच्या नावांतील लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही सारखी ठेवावीत, कारण हा फरक विंडोज सहसा मानत नाही, लिनक्स मानते.

घरी तयार झालेली ती फाइल टर्मिनलमधून काढताना तिचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत द्यावे, अन्यथा शेल, म्हणजे टर्मिनलमधील आज्ञा वाचणारा प्रोग्राम, त्यातील बॅकस्लॅश काढून टाकेल आणि अशी फाइलच नाही असे उत्तर मिळेल.