शरीरातल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात, मग त्यातल्या काही सुटून फिरायला कशा लागतात?

चिकटवणारं मुख्य प्रथिन म्हणजे कॅडहेरिन. पेशीच्या पृष्ठभागावर ते असतं आणि शेजारणीच्या कॅडहेरिनला धरतं. पण कॅल्शियम असेल तरच. याचा शोध मजेशीर आहे. १९७०च्या दशकात जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची क्योतोहून अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेत गेले. ट्रिप्सिनने, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या पाचक विकराने, सुट्या केलेल्या पेशी क्योतोत पटापट परत गोळा व्हायच्या, कार्नेगीत मात्र ढिम्म! कारण निघालं ट्रिप्सिनच्या द्रावणात. कार्नेगीतल्या द्रावणात ईडीटीए नावाचं रसायन होतं, ते कॅल्शियम काढून घेतं. कॅल्शियम नसलं की ट्रिप्सिन हे प्रथिन कुरतडून टाकतं. असलं तर ते शाबूत राहतं. साध्या बाटलीतल्या फरकाकडे दुर्लक्ष न करणं, याला मी तरी खरं संशोधन म्हणेन. १९८४ मध्ये प्रथिनाचं कॅडहेरिन असं बारसं झालं.

आता फिरण्याचं. त्यासाठी पकड शेजारणीवर नाही, जमिनीवर, म्हणजे पेशीखालच्या तंतूंच्या जाळीवर, हवी. ते काम इंटेग्रिन नावाची पृष्ठभागावरची प्रथिनं करतात. पेशीच्या आत पुढच्या बाजूला ॲक्टिन या प्रथिनाचे धागे वाढतात, पातळ पडदा पुढे सरकतो, इंटेग्रिन त्या जाळीला धरतात, मग मागची पकड सुटते आणि धड ओढलं जातं. पकड फार घट्ट झाली तर पेशी जागीच अडकते, फार सैल झाली तर घसरते. मधलीच हवी.

जखम भरताना कडेच्या पेशी अशाच सरकतात. स्तनाच्या लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या) कर्करोगात बहुधा ई-कॅडहेरिन हा कॅडहेरिनचा प्रकारच हरवलेला असतो, म्हणून त्या पेशी गाठ न करता एकामागे एक रांगेत पसरलेल्या दिसतात.