ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही

ऑनलाइन सेवांच्या तक्रारी वाचताना एकच गैरसमज इतक्या वेळा समोर येतो, की तिसऱ्या प्रश्नाला या वेळी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : इंग्रजी संभाषणाच्या ऑनलाइन कोर्सचे पैसे भरले, वर्ग सुरूच झाले नाहीत. अटींमध्ये ‘वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात’ असं लिहिलंय. साताऱ्याहून बंगळुरूला जावं लागेल का?

नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ तुम्हाला राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करण्याचा हक्क देतं, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

प्रश्न : दुकानात यूपीआयने पैसे दिले. खात्यातून गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत.

पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

प्रश्न : मुलाने एक रुपयात सात दिवस वापरून बघायला फोटो सुधारण्याचं ॲप घेतलं. आवडलं नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. तरी दर महिन्याला ४९९ रुपये कापले जातात. बँक म्हणते, ‘तुम्हीच परवानगी दिलीय.’ शेजारी म्हणतात, कार्ड ब्लॉक करा. ही फसवणूक नाही का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, बँक म्हणते तेही खरं आणि तुमचा संतापही रास्त. मुलाने यूपीआयचा पिन टाकला तो एका रुपयापुरता नव्हता. त्याच पानावर कमाल रक्कम किती, दर किती दिवसांनी आणि कधीपर्यंत हेही लिहिलेलं असतं. ठळक असतो तो एक रुपया, बाकीचं बारीक. त्या पिनने ऑटोपे, म्हणजे ठरल्या दिवशी आपोआप पैसे कापण्याची सोय, सुरू झालं. ॲप फोनमधून काढणं म्हणजे दूधवाल्याला काही न सांगता घराला कुलूप लावून गावी जाणं. रतीब चालूच राहतो. कार्ड ब्लॉक करूनही उपयोग नाही, कारण यूपीआयची परवानगी खात्यावर असते, कार्डावर नाही. शेजाऱ्यांचा सल्ला सोडून द्या.

ज्या यूपीआय ॲपमधून पैसे दिले त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ची यादी असते. तिथे ही परवानगी आजच रद्द करा. प्ले स्टोअरमधून वर्गणी घेतली असेल तर तिथल्या खात्यातही ‘सबस्क्रिप्शन’ बंद करावं लागतं. कार्डावरून असेल तर बँकेच्या संकेतस्थळावर ती सोय असते. मात्र रद्द करण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. लोक रागाच्या भरात सगळं पुसून टाकतात आणि मग रिकाम्या हाताने सल्ला विचारायला येतात.

आता कंपनीकडे वळू. आपोआप होणाऱ्या कपातीची सूचना किमान २४ तास आधी द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. तुमच्या फोनवर तसे मेसेज आले होते का, ते प्रत्येक महिन्याचं बघा. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाला चकवणाऱ्या १३ युक्त्यांवर बंदी घातली आहे. त्यात वर्गणीचा सापळाही येतो. रद्द करण्याचा पर्याय लपवणं, ती वाट किचकट करणं, फुकटच्या वर्गणीसाठी ऑटोपेची सक्ती करणं, हे सगळं त्यात धरलं आहे. एक रुपया घेतला म्हणजे ते ‘फुकट’ नव्हतं, असा बचाव कंपनी करू शकते. म्हणून मागच्या महिन्यांचे पैसे मिळतीलच, असं मी कागद न बघता सांगणार नाही. बँकेचं स्टेटमेंट आणि स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या ग्राहक पंचायतीत किंवा वकिलाकडे जा. ‘पाचशे रुपयांसाठी कोण भांडणार’ या आपल्याच हिशेबावर असा धंदा चालतो. मला याची चीड येते, कारण यात सर्वाधिक भरडली जातात ती तुमच्यासारखी पेन्शनवर जगणारी माणसं, ज्यांचं पासबुक महिनोन्‌महिने भरलं जात नाही.

प्रश्न : हिशेबाचं सॉफ्टवेअर ‘आयुष्यभरासाठी’ म्हणून घेतलं. आता कंपनी म्हणते, दरवर्षी पैसे भरा, नाहीतर चालणार नाही. माझं किराणा दुकान आहे.

बिलावर किंवा जाहिरातीत ‘आयुष्यभर’ हे शब्द आहेत का, ते आधी शोधा. विक्रेता तोंडी काय म्हणाला, ते सिद्ध करणं कठीण. दुसरी अडचण तुमच्या दुकानाची. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली बसते. तुम्ही एकटे दुकान चालवता की हाताखाली माणसं आहेत, यावरही कंपनी वाद घालेल. वकिलाला दाखवल्याशिवाय नोटीस पाठवू नका, पण वेळही काढू नका. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे.

प्रश्न : तिकीट रद्द करायला इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. त्या माणसाने एक ॲप घ्यायला लावलं, माझी स्क्रीन त्याला दिसू लागली आणि ३८ हजार गेले. तीन दिवसांत कळवलं तर बँक सगळे पैसे देते, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. आज दुसरा दिवस आहे. (ठाणे)

ताई, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला नसेल तर पुढचं वाचू नका, आधी फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. ते गोठवता येतात ते पहिल्या काही तासांत. मग बँकेला लेखी कळवा आणि ते ॲप काढून टाका.

व्हॉट्सॲपवरचं अर्धवट आहे. तीन कामकाजाच्या दिवसांचं संरक्षण चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी मिळतं. पिन किंवा ओटीपी आपल्या हातून गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तीन दिवस हातात आहेत, असं समजून थांबणं घातक आहे. बँकेने दाद दिली नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्या वेळी कागद जाणकाराला दाखवा. नंबर यापुढे फक्त कंपनीच्या ॲपमधून किंवा तिकिटावरूनच घ्या.

प्रश्न : कंपनीत माणूसच भेटत नाही, चॅटबॉट तेच तेच उत्तर देतो.

चॅटबॉट सोडा. ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्याला ईमेल करा. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.